गुरुजींचा अर्धा मार्क

गुरुजींकडून मी कधी पैसे उसने घेतले नाहीत. त्यांनी माझी फी भरली नाही, नोकरीसाठी कुणाला चिठ्ठी दिली नाही, आणि लग्नात जे आहेराचं पाकीट दिलं ते गावातल्या सगळ्यांना देतात तेवढंच. तरीही आईवडिलांनंतर कुणाचे उपकार, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडात पहिलं नाव त्यांचं येतं. कारण सांगायची वेळ आली की मात्र पंचाईत होते. कारण एवढंच, की त्यांनी मला मोबाइलवरच्या एका प्रश्नमंजूषेत ओढलं. कंपनीत हे सांगितलं की पोरं हसतात. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत बसताना आमच्या तोंडून अजून ‘एक नगर द्या’ असंच निघतं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, चौथीपासून सातवीपर्यंत मला त्यांनीच शिकवलं. लुनावरून यायचे. ती चढाला दमायची, मग गुरुजी पायडल मारत यायचे आणि आम्ही पोरं मागून ढकलायला धावायचो. विज्ञानाच्या तासाला पुस्तक मिटून ठेवायचे आणि शाळेचा हातपंप, वर्गातलं कुलूप, शिपायाची सायकल असलं काहीतरी उघडून दाखवायचे. पुन्हा जोडताना एखादा नट हमखास उरायचा. तो ते खिशात टाकायचे.

मी पुढे आयटीआय केला, ट्रेड टर्नर. नागापूर एमआयडीसीत कंत्राटी म्हणून लागलो. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा ठेकेदाराचा फोन आधी लागायचा बंद झाला आणि मग रूमचं भाडं परवडेना, म्हणून बायकोला घेऊन गावाला आलो. कांदा काढणीला आला होता, ते काम होतं. दुपारनंतर मात्र हाताला काही नाही. ज्या माणसाचे हात रोज आठ तास यंत्रावर असतात त्याला रिकामं बसणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राला ऑनलाइन प्रश्नमंजूषेची साथ आली होती. ज्याच्या त्याच्या ग्रुपवर गुगल फॉर्म. वीस प्रश्न सोडवा, नाव टाका, लगेच रंगीत प्रमाणपत्र ईमेलवर. आमच्या पुतण्याकडे अशी प्रमाणपत्रं इतकी जमली की मोबाइलची मेमरी भरली. गुरुजी तेव्हा निवृत्त होते. नातीकडून त्यांनी फॉर्म बनवायला शिकून घेतलं आणि आमच्या व आजूबाजूच्या गावांतल्या पोरांसाठी एक स्पर्धा काढली. विषय एकच: शोधांचा इतिहास. टेलिफोन, छपाई, वाफेचं इंजिन, शिवणयंत्र, विमान, बॉलपेन. कुणी, कधी, कुठे.

पहिल्या रविवारी झालं ते अपेक्षितच होतं. फॉर्म सुटल्यावर ज्याचा फोन चांगला आणि ज्याच्या घरावर रेंज, त्या पोरांनी गुगल करून सगळी उत्तरं बरोबर दिली. ज्यांना नेटवर्कसाठी टाकीवर चढावं लागायचं ते मागे राहिले. गुरुजींनी निकाल लावलाच नाही. म्हणाले, “यात कंपनीचा टॉवर पहिला आला, पोरगं नाही.”

दुसऱ्या रविवारपासून नियम बदलले. प्रश्न आज, उत्तर पुढच्या रविवारी. प्रत्येक उत्तराला एक मार्क, पण तो दोन तुकड्यांत. नाव आणि साल बरोबर असेल तर अर्धा. उरलेला अर्धा फॉर्मवरच्या दुसऱ्या चौकटीचा, आणि त्या चौकटीवर लिहिलेलं असायचं: ‘कशावरून?’

त्या एका चौकटीने सगळ्यांची झोप उडवली. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय’ याला शून्य. ‘गुगलवर आहे’ यालाही शून्य, कारण गुगलवर कुणी लिहिलंय ते सांगा. पुस्तकाचं नाव चालेल, पेटंट चालेल, शिलालेख चालेल, संग्रहालयात ठेवलेली वस्तू चालेल. एक गोष्ट मात्र गुरुजी पुस्तकाच्या बरोबरीने धरायचे: ते काम स्वतःच्या हाताने केलेल्या माणसाची साक्ष. तो काय म्हणाला यापेक्षा त्याने काय केलं ते लिहा, असं सांगायचे.

मला फोन आला तो या दुसऱ्या आठवड्यात. “घरी काय करतोस?” “काही नाही गुरुजी.” “मग प्रश्न काढ. यंत्रांचे. मी मास्तर माणूस, मला यंत्र उघडता येतं, जुळवता येत नाही हे तुला ठाऊकच आहे.” मी म्हटलं, मला कसले प्रश्न काढता येणार. ते म्हणाले, “ज्या मशीनवर तुझं पोट आहे तिथून सुरू कर. लेथचा शोध कुणी लावला?”

मी गप्प. इतकी वर्षं लेथवर काढली, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. आयटीआयच्या पुस्तकात लेथचे भाग होते, प्रकार होते, स्पीडचं सूत्र होतं. तो कुठून आला ते नव्हतं. यंत्र म्हणजे कंपनीतच उगवतं, असाच आमचा समज.

शोधायला बसलो तर पहिलं नाव सापडलं इंग्लंडच्या हेन्री मॉडस्लेचं. साधारण १८०० च्या सुमारास त्याने आटे पाडायचा लेथ केला. खुशीत गुरुजींना कळवलं. पलीकडून एकच शब्द आला, “कशावरून?” पुन्हा शोधलं. तर अमेरिकेत डेव्हिड विल्किन्सनने १७९८ सालीच आटे पाडायच्या लेथचं पेटंट घेतलेलं. त्याला त्या पेटंटचा फायदा काही झाला नाही, पण पन्नास वर्षांनी, १८४८ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने त्याला १० हजार डॉलर दिले. म्हणजे सरकारी कागद त्याच्या बाजूने. त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये जेसी रॅम्सडेन, त्याच्याही आधी फ्रान्सचा व्होकान्सों, ज्याचा लेथ आजही पॅरिसच्या संग्रहालयात उभा आहे. आणि नुसता लाकूड फिरवून तासायचा चरक म्हणाल तर तो हजारो वर्षांचा. आमच्याकडे पोळपाट-लाटणं करणारे सुतार तेच करत आले.

मग मॉडस्लेचं नाव का घ्यायचं? हे मला पुस्तकापेक्षा माझ्या हातांनी सांगितलं. लेथवर आटा पाडताना काय होतं ते ज्याने पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगतो. जॉब, म्हणजे तासायचा तुकडा, चकच्या पकडीत फिरतोय. त्याच्याशी गिअरने बांधलेला एक लांब स्क्रू, लीड स्क्रू, पुढच्या बाजूला फिरतोय. तुम्ही खटका खाली दाबला की हाफ नट त्या स्क्रूला पकडतो आणि टूल आपोआप सरकायला लागतं. जॉब एक फेरा फिरला की टूल ठरलेलंच अंतर जाणार, ना केसभर कमी, ना जास्त. पहिला कट अगदी हलका, नुसता ओरखडा. त्यावर पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर तपासायची पट्टी, लावून बघायचं. बसलं की मग पुढचे कट, दर वेळी थोडं आत. कूलंट आणि तापलेल्या लोखंडाचा वास, आणि टूलच्या टोकावरून निळी पडत जाणारी चिप. यात माणसाचा हात थरथरला तरी आटा थरथरत नाही, कारण हातात टूल नाहीच, टूल यंत्राने धरलंय. मॉडस्लेने लीड स्क्रू, टूल धरणारी सरकती बैठक आणि बदलते गिअर हे तिन्ही एका भक्कम लोखंडी यंत्रात एकत्र आणले. सुटी सुटी माहिती आधीच्यांना होती. त्याआधी एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला बसेलच असं नसे. कारागीर जोड्या लावून खुणा करून ठेवायचे. मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ, त्याने १८४१ मध्ये सगळ्या देशाने एकाच मापाचे आटे वापरावेत असं मांडलं. ५५ अंशांचा तो व्हिटवर्थ आटा आमच्या जुन्या मशिनींवर अजून भेटतो. मेट्रिकचा ६० अंशांचा. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पाना लावला की भांडतात.

हे सगळं मी गुरुजींना फोनवर सांगितलं, बहुधा श्वास न घेता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मग ‘लेथचा शोध कुणी लावला’ हा प्रश्नच रद्द. आता असा प्रश्न काढ की ज्याला उत्तर आहे.” आम्ही दोघांनी मिळून तो असा केला: ‘मॉडस्लेच्या आधी आटे पाडायच्या लेथमध्ये काय होतं, आणि मॉडस्लेने काय भर घातली?’ त्यानंतर त्या स्पर्धेतल्या जवळजवळ सगळ्याच प्रश्नांचं रूप पालटलं. वाफेचं इंजिन जेम्स वॉटने शोधलं, हे गेलं. न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसत होतं, मग वॉटने १७६९ च्या पेटंटमध्ये वेगळं काय केलं, हे आलं. ग्रॅहॅम बेल आणि एलिशा ग्रे यांचे टेलिफोनचे कागद पेटंट कचेरीत एकाच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७६ ला पोचले, तर मग ‘पहिला’ म्हणजे काय, हे आलं. सातवीतल्या पोरांना हे झेपेल का, असं मला वाटायचं. झेपलं. खरं तर त्यांनाच आधी झेपलं, पालक अडकले.

पालक सगळ्यात जास्त अडकले ते विमानाच्या प्रश्नावर. गुरुजींनी विचारलं होतं, माणसाला घेऊन उडालेलं, हवेत ताब्यात राहिलेलं पहिलं इंजिनाचं विमान कुणाचं. निम्म्याहून अधिक फॉर्मवर उत्तर: शिवकर बापूजी तळपदे, १८९५, गिरगाव चौपाटी. आणि ‘कशावरून’च्या चौकटीत एकच मजकूर, शब्दशः सारखा, अगदी त्यातल्या इमोजीसकट. गुरुजींनी सगळ्यांना शून्य दिलं. अर्धासुद्धा नाही.

फोन सुरू झाले. ‘गुरुजी, तुम्ही आपल्याच माणसाचं नाव कापता?’ ‘इंग्रजांनी दडपलेला इतिहास आहे हो.’ एका पुढाऱ्याने तर ग्रुपवरच जाब विचारला. गुरुजींनी त्यावर भाषण दिलं नाही. ग्रुपवर एवढंच टाकलं: तळपदे खरे होते, मुंबईचे होते, विमानाचा ध्यास घेतलेले होते. पण उड्डाणाचा त्या काळातला एक कागद, एक छायाचित्र, एक पाहणाऱ्याची लेखी साक्ष मला आणून द्या, मी पूर्ण मार्क देतो आणि पेढेही देतो. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ या पुस्तकाचा दाखला देतात ते विसाव्या शतकात सांगून लिहून घेतलेलं, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये त्यातली विमानं तपासून ती उडू शकत नाहीत असं लिहून ठेवलेलं आहे. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाचं छायाचित्र मात्र आहे, पाहणारी माणसं होती, तार केलेली होती.

पेढे मागायला कुणी आलं नाही.

पण गुरुजी तिथेच थांबले असते तर ते नुसते खोडे घालणारे मास्तर ठरले असते. पुढच्या रविवारी त्यांनी एकाच माणसावर सगळे प्रश्न काढले: शंकर आबाजी भिसे. मी नाव ऐकलं नव्हतं. माझ्या बायकोने ऐकलं नव्हतं, आणि ती बी.ए. आहे. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेला हा माणूस. लोकल गाडीत पुढचं स्टेशन दाखवणारी पाटी, आपोआप मापून धान्य-साखर ओतणारं यंत्र, असलं सतत काहीतरी करत राहिलेला. लंडनच्या एका शोधविषयक मासिकाने असंच मापयंत्र करायची स्पर्धा जाहीर केली, ती मुंबईत बसून याने जिंकली. हे वाचताना मला हसूच आलं. टपालाने खेळलेली स्पर्धाच ती, आमच्या फॉर्मपेक्षा एवढाच फरक, की उत्तराला महिना लागायचा. पुढे दादाभाई नौरोजींच्या पाठबळावर भिसे लंडनला गेले, छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र त्यांनी केलं, त्याला ‘भिसोटाइप’ नाव पडलं. भांडवल उभं राहता राहता कोसळलं. मग अमेरिका. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. भारतीय एडिसन म्हणायचे त्यांना.

“याची पेटंटं आहेत,” गुरुजी म्हणाले, “नंबरासकट. छाती फुगवायची तर इथे फुगवा, हवा गळणार नाही.”

मला आजही वाटतं, तळपद्यांच्या गोष्टीने सर्वांत मोठा अन्याय केला असेल तर तो भिशांवर. जे झालं नाही त्याचा गजर करता करता, जे झालं ते आपण विसरलो. हे माझं मत, गुरुजींचं नाही. ते असल्या मतांना मार्क देत नाहीत.

मग गाडी नगरकडे वळली. ‘आपल्या जिल्ह्यातला शोध’ असा एक आठवडा त्यांनी ठेवला. तो सगळ्यांत गोंधळाचा आणि सगळ्यांत मजेचा गेला. एका पोराने चांदबिबीच्या महालाचं बांधकाम हा शोध म्हणून पाठवला. त्याला अर्धा मार्क मिळाला नाही, पण ती वास्तू चांदबिबीची नाहीच, दुसऱ्या सलाबतखानाची कबर आहे, हे निदान त्याच्या घराला कळलं. रिक्षा आली. नगरच्या नवलमल फिरोदियांनी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी मालवाहू गाडीवरून माणसं नेणारी रिक्षा भारतात आणायचं मनावर घेतलं. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया, नगरचे वकील, १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. इथेही प्रश्न तोच: इटलीत गाडी होतीच, मग भर कुणाची, कसली? माल वाहणाऱ्या गाडीत माणूस बसवायची कल्पना, आणि त्यासाठी सरकारदरबारी चपला झिजवणं. गुरुजींनी चपलांनाही मार्क दिले.

लुनासाठी तर साक्षीदारच उभा राहिला. १९७२ मध्ये आलेली लुना पुढे आमच्या नगरच्या कायनेटिकच्या कारखान्यात तयार व्हायची. एका मुलीचे आजोबा तिथे जुळणीला होते. तिने त्यांचं म्हणणं लिहून आणलं: सकाळी शिफ्ट सुरू झाल्यावर ते स्वतः काय हातात घ्यायचे, कुठे बसवायचे, कोणता नट कुठल्या पान्याने आवळायचे. शोधाबद्दल एक अक्षर नाही. गुरुजींनी पूर्ण मार्क दिला आणि मला म्हणाले, “बघ, ही खरी साक्ष. आणि माझ्या लुनाचा उरलेला नट कुठे बसतो तेही विचारून घे.”

माझा आवडता प्रश्न मात्र तोफेचा. विजापूरला बुरुजावर ठेवलेली मलिक-ए-मैदान, मुलुख मैदान म्हणतो ती, नगरला ओतलेली. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ मध्ये, महंमद रूमी नावाच्या तुर्की ओताऱ्याने. वजन सुमारे ५५ टन. पुढे १६३२ मध्ये ती विजापूरकरांनी नेली. ‘कशावरून?’ या चौकटीत लिहायचं उत्तर पोरांना सापडलं तेव्हा ती स्पर्धा जिंकल्यासारखी नाचली होती: तोफेच्याच अंगावर कोरलेलं आहे. कुणी केली, कुठलं साल. नंतर औरंगजेबाने विजापूर घेतलं तेव्हा त्यानेही आपल्या विजयाचा मजकूर तिच्यावर खोदून घेतला. म्हणजे एकाच वस्तूवर दोन साक्षी, दोन्ही धातूत.

टाळेबंदी उठल्यावर गुरुजी आणि मी एसटीने विजापूरला जाऊन आलो. शेरझा बुरुजावर, उन्हात. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडला जाणारा हत्ती, हे फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी मात्र टर्नरच्या सवयीने पाठीवरून हात फिरवला. भर उन्हातही धातू गार लागतो, असं लोक सांगतात. मला तो गुळगुळीत लागला, एवढं मी शपथेवर सांगेन. लेथ नाही, ग्राइंडर नाही, मायक्रोमीटर नाही, आणि एवढ्या मोठ्या कास्टिंगवर हे फिनिश. तांबं आणि कथील, घंटेच्या धातूच्या जवळचं मिश्रण. एवढा रस एका दमात वितळवून, साच्यात कुठेही हवा न अडकता ओतायचा, म्हणजे किती भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवल्या असतील, कुणी कुणाला कुठल्या क्षणी हाक दिली असेल. आमच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत छोट्या कास्टिंगलाही ब्लो होल निघतात आणि मग मीटिंग बसते. रूमीच्या नावावर तोफ आहे. हाताखालच्या नगरच्या ओताऱ्यांची नावं कुठेच नाहीत. गुरुजी तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “यांना मार्क कसे द्यायचे रे?”

टाळेबंदीनंतर मला काम परत मिळालं, दुसरीकडे. तिथे मुलाखतीला साहेबांनी विचारलं, लेथवर सोडून काय येतं? मी म्हटलं, विचारायला येतं. ते हसले, पण पुढे वर्षभरात मला मशीनवरून क्वालिटीत घेतलं. आता माझं काम हेच. माल आला की मटेरियलचं सर्टिफिकेट मागायचं. सर्टिफिकेट आहे, पण ते याच बॅचचं कशावरून? माप बरोबर आलं, पण गेज बरोबर कशावरून, त्याचं कॅलिब्रेशन कधीचं? मॉडस्लेने स्वतःच्या कारखान्यात एक मायक्रोमीटर केलेलं होतं. मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल त्याचा, म्हणून त्याला नावच ठेवलं होतं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे सगळ्यांत वरचे न्यायाधीश. आमच्या स्टँडर्ड रूममधल्या मास्टर गेजला मी ते नाव दिलंय. नवी पोरं तेवढ्यावरून मला थोडं खुळ्यात काढतात. पगार मात्र कंत्राटाचा राहिला नाही, घर चालतं, मुलगी शाळेत जाते.

हे सगळं गुरुजींमुळे, असं त्यांना सांगायला गेलो तर काय झालं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. म्हणाले, “माझ्यामुळे कशावरून? तू आधीपासूनच चौकस नसशील?” मग काकूंनी चहा आणला आणि विषय संपला. मिठाईचा पुडा त्यांनी नातीला दिला. शाल आणली होती, ती परत न्यायला लावली. “तुझ्या वडिलांना दे, त्यांना थंडी वाजते.” आमच्याकडे ऋण फेडायच्या म्हणून ज्या रीती आहेत त्यांतली एकही हा माणूस चालू देत नाही.

स्पर्धा अजून चालू आहे. आता दर आठवड्याला नाही, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आधी महिनाभर. पहिलं बक्षीस स्क्रू ड्रायव्हरचा संच, दुसरं भिंग, पेन्शनमधून. प्रमाणपत्र नाही. आणि गेल्या खेपेला निघताना गुरुजींनी मला एक काम दिलं. फेडायचं म्हणतोस ना, तर हे कर, असं म्हणाले.

गोष्ट अशी. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून. त्या मिशनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर होते. नगर तेव्हा विणकरांचं गाव. घरोघर खड्डामाग, पाय खड्ड्यात, आणि धोटा हाताने इकडून तिकडे फेकायचा. दोरीच्या हिसक्याने पळणारा धोटा इंग्लंडात जॉन केने १७३३ मध्ये काढला होता. चर्चिलसाहेबांनी इथल्या विणकराला परवडेल, वेगाने चालेल असा हातमाग नगरमध्येच घडवला, आणि तो ‘चर्चिल माग’ म्हणून बाहेरच्या प्रांतांतही नावाजला गेला. म्हणजे शोध नगरचा, नगरच्या हातांसाठी. लेथवाल्या प्रश्नासारखाच प्रश्न तयार आहे: केच्या धोट्यानंतर चर्चिल मागाने काय भर घातली? नावाचा अर्धा मार्क पुस्तकांतून मिळतो. गुरुजींना उरलेला अर्धा हवा आहे: माग, निदान त्याचा एखादा भाग, किंवा त्यावर बसून विणलेल्या माणसाच्या घरची आठवण.

म्हणून ही विनंती. नगर शहरात, भिंगारला, संगमनेरला विणकरांची जुनी घरं आहेत. मिशनच्या आवारात वाढलेली कुटुंबं आहेत. माळ्यावर, गोठ्यात, जुन्या ट्रंकेत कुणाकडे त्या मागाची लाकडं, लोखंडी भाग, छायाचित्र किंवा हिशोबाची वही असेल, आजोबा-पणजोबांनी त्यावर काय केलं ते कुणाला आठवत असेल, तर मोडीत घालण्याआधी जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना नेऊन दाखवा आणि सोबत एका कागदावर लिहून द्या: ही वस्तू कुणाची, कुठे होती, कोण वापरायचं. खाली सही करा आणि तारीख घाला.